टास्कबारवर कशाला कुठली जागा द्यायची?

खानापुरात, निपाणीत किंवा बेळगावात शहापूरकडे कुठल्याही झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानात डोकावलात, तर संगणकाच्या खालच्या पट्टीवर पंधरा-वीस आयकॉन दाटीवाटीने उभे दिसतात. त्यातले निम्मे चालकाने लावलेलेच नसतात. काही विंडोजबरोबर आलेले, काही प्रिंटरच्या सॉफ्टवेअरने आणलेले, काही अपडेटने गुपचूप चिकटवलेले. समोर गिऱ्हाईक उभं असतं. त्याला अर्ज मराठीत हवा, त्याचीच एक प्रत कन्नडमध्ये हवी, वर आधारची झेरॉक्स. आणि चालकाचा माऊस वर्ड शोधत पट्टीवर इकडून तिकडे फिरतो. एका वेळी सेकंद-दोन सेकंदच जातात, पण ही वेळ दिवसभर येतच राहते.

पट्टी कशी लावावी ही शेवटी आवडीची बाब आहे. कुणाला ती खाली लागते, कुणाला डावीकडे, कुणाला ती नजरेआडच बरी वाटते. पण आवड कुठलीही असो, एक गोष्ट सगळ्यांना लागू पडते: हाताच्या लक्षात राहते ती जागा; चित्र डोळ्याला दर वेळी नव्याने शोधावं लागतं. जुन्या छापखान्यातला कंपॉझिटर, म्हणजे अक्षरांचे खिळे जुळवणारा, केसकडे, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीकडे, न बघता खिळे उचलायचा, कारण ‘क’चं घर रोज तिथंच असायचं. टास्कबारवरचा आयकॉनही तसाच वापरायचा असतो. त्यामुळे कुठलंही सेटिंग बदलण्याआधी विचारायचं ते एवढंच: याने आयकॉन जागेवर राहतील की हलतील?

आधी पडद्याच्या कडेबद्दल. पॉल फिट्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली हाताच्या हालचालींचा एक नियम मांडला. लक्ष्य जितकं जवळ आणि जितकं मोठं, तितका हात तिथं लवकर पोचतो. माऊसलाही हा नियम लागू पडतो, पण त्यात एक गंमत आहे. माऊस कितीही जोरात खाली ओढला तरी बाण पडद्याच्या कडेला येऊन थांबतो. म्हणजे कडेला टेकलेलं बटण डोळ्याला छोटं दिसलं तरी हाताला खूप मोठं असतं, नेम धरावा लागत नाही. कोपऱ्यात तर बाण दोन बाजूंनी अडतो. पट्टी पडद्याच्या कडेलाच का असते आणि स्टार्ट बटण वर्षानुवर्षं डाव्या कोपऱ्यात का होतं, याचं उत्तर इथं आहे. दोन मॉनिटर शेजारी-शेजारी लावले की मधली कड हा फायदा गमावते, कारण बाण न थांबता पलीकडच्या पडद्यावर निघून जातो. त्या मधल्या कडेला पट्टी ठेवू नये.

टास्कबार आला तो विंडोज ९५ बरोबर, ऑगस्ट १९९५ मध्ये. तेव्हा त्यावर फक्त उघडलेले प्रोग्रॅम दिसायचे. नवा प्रोग्रॅम सुरू करायचा तर स्टार्ट मेन्यू. २००९ च्या विंडोज ७ ने दोन्ही कामं एकत्र केली: आयकॉन पट्टीवर पिन करून ठेवायचा, बंद असेल तर त्याच्यावर क्लिक केल्यावर तो उघडतो, चालू असेल तर समोर येतो. आज जो गोंधळ होतो तो बराचसा या एकत्रीकरणातून होतो. वर्ड आधीच चालू असेल तर आयकॉनवर क्लिक करून नवं पान उघडत नाही, जुनंच समोर येतं. नवी विंडो हवी असेल तर शिफ्ट दाबून क्लिक करा, किंवा माऊसच्या चाकाने त्याच आयकॉनवर क्लिक करा. आयकॉनखालची बारीक रेघ म्हणजे तो प्रोग्रॅम चालू असल्याची खूण. रेघ नसेल तर तो नुसता पिन केलेला आहे.

आता विंडोज ११. ऑक्टोबर २०२१ मध्ये ती आली तेव्हा आयकॉनांची रांग पट्टीच्या मधोमध आली. दिसायला छान, पण आपल्या कसोटीवर नापास. पिन न केलेला एखादा प्रोग्रॅम उघडला की रांग दोन्हीकडे पसरते आणि स्टार्टसकट सगळे आयकॉन थोडे डावीकडे सरकतात. बंद केला की परत उजवीकडे. जागा दिवसभर हलत राहते. म्हणून विंडोज ११ च्या संगणकावर पहिलं काम हे करावं: पट्टीच्या रिकाम्या भागावर राइट क्लिक, टास्कबार सेटिंग्ज, खाली टास्कबार बिहेविअर्स, तिथं टास्कबार अलाइनमेंट ‘लेफ्ट’. रांग डावीकडून सुरू होते, नवे प्रोग्रॅम उजव्या टोकाला जोडले जातात आणि पिन केलेले जागचे हलत नाहीत. त्याच पानावर वर टास्कबार आयटम्स आहेत. तिथला विजेट्स बंद करा, टास्क व्ह्यू वापरत नसाल तर तोही बंद करा, आणि सर्चला ‘हाइड’ करा. सर्चचा लांबलचक चौकोन तीन-चार आयकॉनांची जागा खातो. तो नसला तरी स्टार्ट उघडून थेट टाइप करायला लागलं की शोध सुरू होतोच.

पट्टी खाली की बाजूला, हा वाद जुना आहे आणि त्याचा निकाल पडद्याच्या मापावर आहे. आपल्याकडे दुकानांत १३६६ बाय ७६८ पिक्सेलचे पडदे अजून भरपूर आहेत. विंडोज ११ ची पट्टी साध्या मापात ४८ पिक्सेल उंच, म्हणजे कामाला उरतात ७२०. उलट बाजूने बघा: ए-फोर पान शंभर टक्के मापात साधारण ७९४ पिक्सेल रुंद आणि ११२३ उंच असतं. रुंदीत ५७२ पिक्सेल मोकळे पडून राहतात आणि उंचीत पान मावत नाही. अर्ज, दाखले, पत्रिका अशी उभी पानं दिवसभर करणाऱ्याने पट्टी डावीकडे उभी लावणं हाच शहाणपणा आहे. विंडोज १० मध्ये ते टास्कबार सेटिंग्जमधल्या ‘टास्कबार लोकेशन ऑन स्क्रीन’ने होतं. विंडोज ११ मात्र ही सोय काढूनच बाजारात आली. तिथं उंची वाचवायची तर वर्डमध्ये कंट्रोल आणि एफ-वन दाबून रिबन, म्हणजे वरचा बटणांचा रुंद पट्टा, मिटवा. खरं तर पट्टीपेक्षा रिबनच जास्त जागा खाते, पण शिव्या पट्टीला बसतात.

पट्टी आपोआप लपवायचा पर्याय सगळीकडे आहे, तरी एक्सेलवर काम करणाऱ्याला तो सुचवू नये. शीटची नावं तळाशी असतात. त्यांच्याकडे माऊस नेला की पट्टी वर उसळते आणि नेमकी तीच झाकते. शिवाय एखादा प्रोग्रॅम लक्ष वेधायला लुकलुकायला लागला की लपलेली पट्टी बाहेर येऊन अडकून बसते. लुकलुकणाऱ्या आयकॉनवर एकदा क्लिक केलं की परत आत जाते.

क्रम लावताना माऊसआधी कीबोर्डचा विचार करा. विंडोजची कळ धरून १ दाबलं की पट्टीवरचा पहिला प्रोग्रॅम उघडतो, २ ने दुसरा, असं ९ पर्यंत, आणि ० ने दहावा. स्टार्ट, सर्च वगैरे या मोजणीत धरत नाहीत. अकराव्याला असा आकडा नाही, म्हणून पिन दहापेक्षा जास्त नकोत. आठ पुरे होतात. यातले १ ते ४ उजवा हात माऊसवर ठेवून डाव्या हाताने सहज दाबता येतात. पहिल्या चार जागा म्हणजे मोक्याच्या जागा, तिथं दिवसात सगळ्यात जास्त लागतं तेच. अर्ज-दाखल्यांच्या दुकानात ते फाइल एक्स्प्लोरर, ब्राउझर, वर्ड आणि स्कॅनरचा प्रोग्रॅम असतील. लग्नसराईत पत्रिका छापणाऱ्याकडे कोरलड्रॉ पहिला येईल. एकदा क्रम ठरला की काही आठवडे त्याला हात लावू नका; रोज थोडा बदल केला तर कुठलाच क्रम हातात बसत नाही.

शेजारी कोण बसतो हेही बघावं लागतं. कोरलड्रॉ, एक्सेल, व्हॉट्सअ‍ॅप हे तिन्ही हिरवे. वर्ड आणि फोटोशॉप निळे. दोन हिरवे लागून ठेवले की घाईत कोटेशनऐवजी कुणाचं तरी चॅट उघडतं, आणि तेही गिऱ्हाइकासमोर. हिरव्याशेजारी निळा, निळ्याशेजारी पिवळा फोल्डर, असा क्रम ठेवला की डोळा चुकत नाही. व्हॉट्सअ‍ॅप शेवटच्या जागी टाका आणि टास्कबार बिहेविअर्समध्ये बॅज (आयकॉनवरचा न वाचलेल्या संदेशांचा आकडा) आणि लुकलुकणं दोन्ही बंद करा. संदेश येतात, फक्त पट्टी नाचत नाही.

सीमाभागात पट्टीचा उजवा कोपरा डाव्या इतकाच महत्त्वाचा आहे, कारण भाषेची खूण तिथं असते. एकाच दुकानात मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्ही टाइप होतात. विंडोजची कळ आणि स्पेसबार दाबला की भाषा आळीपाळीने बदलते, पण मराठी किंवा कन्नड जोडताना इन्स्क्रिप्ट (ठरलेल्या अक्षरजागांचा) आणि फोनेटिक (इंग्रजी उच्चारावरून टाइप करायचा) असे दोन-दोन कीबोर्ड यादीत येऊन बसले, वर इंग्रजीही दोन प्रकारची झाली, की मराठीवर यायला पाच-सहा वेळा स्पेस दाबावा लागतो. आधी ही यादी साफ करा. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन, भाषेपुढचे तीन ठिपके, लँग्वेज ऑप्शन्स. खाली कीबोर्डांची यादी दिसेल. प्रत्येक भाषेचा एकच ठेवा.

त्याहून बरं म्हणजे प्रत्येक भाषेला स्वतःची कळ देणं. टायपिंगच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज, तिथून इनपुट लँग्वेज हॉट कीज. भाषा निवडून ‘चेंज की सीक्वेन्स’ दाबा. तिथं कंट्रोल-शिफ्टबरोबर आकडा किंवा डाव्या ऑल्ट-शिफ्टबरोबर आकडा असे पर्याय मिळतात. कंट्रोल-शिफ्ट घेऊ नका, कारण एक्सेलमध्ये कंट्रोल-शिफ्ट-१ ने आकड्यांचं स्वरूप बदलतं आणि मग हिशोबाच्या तक्त्यात भलतंच होतं. डावा ऑल्ट-शिफ्ट-१ इंग्रजीला, २ मराठीला, ३ कन्नडला द्या. मात्र त्याच खिडकीत ‘बिटवीन इनपुट लँग्वेजेस’ला डावा ऑल्ट-शिफ्ट आधीच दिलेला असू शकतो, तो ‘नॉट असाइन्ड’ करा, नाही तर आकडा दाबायच्या आधीच भाषा पलटते. तिथूनच एक पायरी मागे प्रत्येक विंडोची भाषा वेगळी ठेवायचा पर्याय आहे. त्यावर खूण केली की वर्डमध्ये मराठी आणि ब्राउझरमध्ये इंग्रजी आपापली टिकून राहते. दोन भाषांत एकाच वेळी काम करणाऱ्याला याचा मोठा आधार होतो.

जुन्या फॉन्टवर काम चालणाऱ्या दुकानांत आणखी एक घोळ असतो. मराठीसाठी श्रीलिपी आणि कन्नडसाठी नुडी यांसारखी साधनं पट्टीच्या उजव्या कोपऱ्यात छोट्या चिन्हाच्या रूपाने बसतात, आणि विंडोज ती बाणाच्या खुणेमागे लपवून टाकते. मग कुठलं चालू आहे ते दिसतच नाही. टास्कबार सेटिंग्जमधल्या ‘अदर सिस्टम ट्रे आयकॉन्स’मध्ये जाऊन ही चिन्हं कायम बाहेर दिसतील असं करा. अशी साधनं इंग्रजी कळांवर आधारलेली असतात. ती चालू असताना विंडोजची भाषाही मराठीवर असेल तर अक्षरांवर दोनदा प्रक्रिया होते आणि ‘श्री’च्या जागी कचरा उमटतो. साधन चालू, तर विंडोज इंग्रजीवर. विंडोज मराठीवर, तर साधन बंद. दोन साधनं एकाच वेळी चालू ठेवू नयेत, विशेषतः दोघांची चालू-बंद करायची कळ एकच असेल तर.

ब्राउझरचा आयकॉन एक आणि कामं दहा, ही पुढची अडचण. खानापूरच्या शेतकऱ्याला कर्नाटकाच्या भूमी संकेतस्थळावरून उतारा लागतो. त्याचाच पाहुणा चंदगडचा असेल, त्याला महाराष्ट्राच्या महाभूलेखवरचा सातबारा. तिसऱ्याचा अर्ज कर्नाटकाच्याच सेवा सिंधू संकेतस्थळावर भरायचा. रोज लागणाऱ्या दोन-तीन संकेतस्थळांना पट्टीवर स्वतंत्र जागा देता येते. एजमध्ये तीन ठिपके, मोअर टूल्स, पिन टू टास्कबार. क्रोममध्ये तीन ठिपके, ‘कास्ट, सेव्ह अँड शेअर’, मग ‘इन्स्टॉल पेज अ‍ॅज अ‍ॅप’. पान वेगळ्या विंडोत उघडतं आणि टॅबांच्या गर्दीत हरवत नाही. सरकारी संकेतस्थळांची बोधचिन्हं लहान आकारात सारखीच दिसतात, तेव्हा आयकॉन बदलून घ्या: पट्टीवरच्या आयकॉनवर राइट क्लिक, वर आलेल्या यादीत नावावर पुन्हा राइट क्लिक, प्रॉपर्टीज, चेंज आयकॉन. बदल लगेच दिसला नाही तर टास्क मॅनेजरमध्ये विंडोज एक्स्प्लोरर शोधून ‘रीस्टार्ट’ करा. पट्टी क्षणभर नाहीशी होऊन परत येते. घाबरायचं कारण नाही, उघडलेली कामं बंद होत नाहीत.

फोल्डरला पट्टीवर वेगळी जागा न देता फाइल एक्स्प्लोररच्या आयकॉनवर ओढून सोडा. राइट क्लिक केल्यावर तो यादीच्या वरच्या भागात कायमचा दिसतो. पण याच यादीत एक धोका आहे. वर्डच्या किंवा पीडीएफच्या आयकॉनवर राइट क्लिक केलं की अलीकडच्या फाइलींची नावं झळकतात, आणि गिऱ्हाइकांच्या दुकानात त्या फाइली कुणाच्या तरी आधारच्या, उत्पन्नाच्या दाखल्याच्या असतात. मागे उभा असलेला दुसरा माणूस ती नावं वाचू शकतो. सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन, स्टार्ट, तिथं अलीकडच्या फाइली आणि जंप लिस्टचा (राइट क्लिकवर येणाऱ्या याच यादीचा) पर्याय बंद करा. चार लोकांसमोर वापरायच्या कुठल्याही संगणकावर हे करायलाच हवं.

एकाच प्रोग्रॅमच्या पाच विंडो उघड्या असतील तर विंडोज त्या एका आयकॉनमागे गोळा करते. नावं न दिसल्याने कुठली फाइल कुठे ते कळत नाही. टास्कबार बिहेविअर्समध्ये ‘कम्बाइन टास्कबार बटन्स’ला ‘नेव्हर’ केलं की प्रत्येक विंडो नावासकट वेगळी दिसते. विंडोज ११ मध्ये ही सोय सुरुवातीला नव्हती, २०२३ मध्ये परत आली. छोट्या पडद्यावर नावं जागा फार खातात, तिथं ‘व्हेन टास्कबार इज फुल’ हा मधला मार्ग ठीक. किंवा गोळा झालेलंच राहू द्या आणि कंट्रोल धरून आयकॉनवर क्लिक करत जा, त्या प्रोग्रॅमच्या विंडो एकामागून एक समोर येतात.

बिघाडांपैकी सगळ्यात जास्त दिसणारा म्हणजे पांढरा कोरा आयकॉन. याची कारणं दोन. पिन म्हणजे मूळ प्रोग्रॅमकडे बोट दाखवणारा शॉर्टकट असतो. प्रोग्रॅमची जागा बदलली किंवा तो काढून टाकला की बोट हवेत राहतं. पेन ड्राइव्हवरून चालणारा प्रोग्रॅम पिन केला तर हे हमखास होतं, कारण पुढच्या वेळी ड्राइव्हचं अक्षर ई ऐवजी एफ झालेलं असतं. डाउनलोड्समध्ये उघडलेला प्रोग्रॅम तिथूनच पिन केला आणि नंतर फोल्डर साफ केला, तरी तेच. दुसरं कारण आयकॉनांच्या साठवणीची फाइल बिघडणं. अचानक लाइट गेली आणि यूपीएस नसला की हे होऊ शकतं. क्लिक केल्यावर प्रोग्रॅम उघडत असेल तर दोष चित्राचा. एक्स्प्लोरर रीस्टार्ट करा, नाही तर अनपिन करून परत पिन करा. उघडतच नसेल तर शॉर्टकट तुटला आहे, नवा लावावा लागेल. अनपिन केल्याने प्रोग्रॅम संगणकावरून जात नाही. ही भीती अनेकांना असते आणि त्या भीतीपोटीच पट्टी भरत जाते.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा आधार (नेहमीचे अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुन्या संगणकांवर त्यानंतर काहींनी विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली घातली आहे. पट्टीच्या बाबतीत तिथं मोकळीक जास्त. लिनक्स मिंटमध्ये पट्टीवर राइट क्लिक करून ‘मूव्ह’ म्हटलं की ती चारही कडांपैकी कुठेही जाते. लिनक्सच्याच केडीई प्लाझ्मा या मांडणीत हव्या तितक्या पट्ट्या ठेवता येतात, पण ते नादी लागण्यासारखं आहे, एक पुरे. उबुंटू या दुसऱ्या लिनक्समध्ये पट्टी सुरुवातीपासून डावीकडे उभीच असते, पिन केलेले वर आणि बाकीचे त्यांच्याखाली जोडले जातात, म्हणजे जागा हलत नाही. विंडोजच्या कळीबरोबर आकडा दाबायची युक्ती तिथंही चालते. मॅकचा डॉक, म्हणजे तिथली पट्टी, मात्र मधोमध असल्याने विंडोज ११ सारखाच सरकतो. तिथं ‘अलीकडचे अ‍ॅप दाखवा’ हा पर्याय आणि माऊस नेल्यावर आयकॉन फुगवणारं मॅग्निफिकेशन, दोन्ही बंद केली तर हालचाल बरीच कमी होते. फाइंडर पहिल्या आणि ट्रॅश शेवटच्या जागेवरून हलत नाहीत, म्हणून मोजणी फाइंडरनंतरच्या जागेपासून करायची.

दुकानात सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा बसत असेल तर पट्टीवरून धुसफुस ठरलेली. एकाला कन्नडचं काम जास्त, दुसऱ्याला मराठीचं. एकाने लावलेला क्रम दुसरा मोडतो. यावर तडजोडीचा क्रम काढू नका. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, अदर यूजर्स, अ‍ॅड अकाउंट असं करून दुसऱ्यासाठी वेगळं खातं उघडा. पट्टीची मांडणी, पिन, भाषांचा क्रम हे सगळं विंडोज खात्यागणिक वेगळं ठेवते. सामाईक फाइली दोघांना दिसाव्यात म्हणून त्या सी ड्राइव्हच्या ‘पब्लिक’ फोल्डरमध्ये किंवा डी ड्राइव्हवर ठेवा, आणि तो फोल्डर दोन्ही खात्यांत फाइल एक्स्प्लोररच्या आयकॉनवर ओढून लावा.